सुरुवात धूळपाटीवर करा

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

"विकिपीडियावर लिहिताना आमच्या हातून काही बिघडलं तर?" हा बाबांचा प्रश्न फोनवर अर्धाच राहिला, म्हणून हे पत्र. तिथे प्रत्येक पानाला 'इतिहास' असतो. कोणी, कधी, काय बदललं ते सगळं त्यात दिसतं आणि जुनी आवृत्ती परत आणता येते. त्यामुळे बिनधास्त लिहा. तरी हात बसेपर्यंत 'धूळपाटी' वापरा. ते पान सरावासाठीच आहे.

खुणा मोजक्याच आहेत. शब्दाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन एकेरी अवतरणचिन्हं दिली की तो ठळक होतो, दोन-दोन दिली की तिरका. मथळ्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन 'बरोबर'ची (=) चिन्हं, उपमथळ्याला तीन-तीन. या खुणा नको असतील तर 'यथादृश्य संपादक' आहे, त्यात मजकूर पानावर दिसेल तसाच लिहिता येतो, पण मला खुणांनी लिहिणंच आवडतं. पानाची बांधणी त्यातून कळते.

दुव्यांकडे मात्र नीट लक्ष द्या. दुहेरी चौकटी कंसात शब्द लिहिला की त्या नावाच्या पानाचा दुवा होतो. पण आपल्याकडे शब्दाचं सामान्यरूप होतं. पान 'पाणी' या नावाचं आणि वाक्यात हवं 'पाण्यात'. अशा वेळी मधे उभी रेघ देऊन [[पाणी|पाण्यात]] असं लिहायचं: आधी पानाचं नाव, मग वाचकाला दिसायचा शब्द. दुवा लाल दिसला तर ते पान अजून कोणी लिहिलेलंच नाही. मला हे लाल दुवे फार खुणावतात.

आई, खरी गरज तुझी आहे ती संदर्भांसाठी. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, तरी कितीतरी लेख अजून दोन-चार ओळींचेच आहेत. कितीतरी वाक्यांपुढे 'संदर्भ हवा' असं लिहिलेलं असतं. तुझ्या कपाटातल्या पुस्तकांमध्ये त्यातल्या काहींची उत्तरं नक्की असणार. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष आणि पान क्रमांक एवढं दिलंस की ते वाक्य भक्कम होतं. फक्त मजकूर जसाच्या तसा उतरवायचा नाही, आपल्या शब्दांत लिहायचा. दुसऱ्याच्या लेखनावर त्याचा हक्क असतो. आणि आपल्याला पक्कं ठाऊक असलेली गोष्टही प्रकाशित आधार नसेल तर लेखात घालायची नाही. हा नियम मला सुरुवातीला कडक वाटला होता, आता पटतो.

बाबा, शुद्धलेखन तुमच्याकडे. बदल जतन करण्याआधी 'झलक' बघा आणि सारांशाच्या चौकटीत काय केलंत ते चार शब्दांत लिहा, म्हणजे पुढच्याला कळतं. कोणाशी मतभेद झाला तर लेखात खोडाखोड न करता त्या लेखाच्या चर्चा पानावर लिहा आणि शेवटी चार नागमोडी चिन्हं (~~~~) टाका. नाव आणि वेळ आपोआप उमटते. लेखात मात्र सही करायची नाही.

खातं उघडताना ईमेल जरूर द्या, नाहीतर पासवर्ड विसरल्यावर खातं परत मिळवणं अवघड होतं. सदस्यनाव सगळ्यांना दिसतं, त्यामुळे खरं नाव द्यायचं की टोपणनाव, ते आधी दोघं मिळून ठरवा. रविवारी फोन करेन तेव्हा धूळपाटी उघडून बसा.

तुमची,
मनू