जॉबरमामा, तुमच्या काट्याचे उपकार

जॉबरमामांना,
साष्टांग नमस्कार.

"नाव छापू नकोस, कारखान्यात पोरं चिडवतील," असं तुम्ही बजावलंत, म्हणून नाव घालत नाही; यंत्रमाग दुरुस्त करणारे आमचे जॉबरमामा, एवढंच लिहिते. पण तोंडावर आभार मानले की तुम्ही "चहा सांग" म्हणून विषय मोडता. म्हणून हे असं चारचौघांत. तुमची नात वाचून दाखवील.

एमएस्सीच्या पहिल्या सेमिनारला माझी काय फजिती झाली ते तुम्ही ऐकलंच आहे. कायनेसिनवर बोलत होते. चेतापेशीत माल वाहणारं हे मोटर प्रथिन १९८५ साली स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाडजूड चेतातंतूतून हाती लागलं. सूक्ष्मनलिका म्हणजे पेशीतल्या बारीक नळ्या; त्यांच्या रुळावर ८ नॅनोमीटरचं एकेक पाऊल टाकत ते चालतं, दर पावलाला एटीपी या पेशीच्या इंधनाचा एक रेणू खर्च. सगळं घोकलेलं. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "थांबायचं कुठे हे त्याला कळतं कसं?" मी म्हटलं, सिग्नल येतो. "कुठून येतो?" पुढे माझी दातखीळ बसली.

वर आमची खोली, खाली मागांचा कारखाना. त्या रात्री झोप येईना म्हणून खाली आले, तर तुमची रात्रपाळी. मी रडगाणं गायलं. तुम्ही पान्यावरचं तेल पुसत म्हणालात, "धागा तुटला म्हणून मागाला कोण सांगालंय? मी तर तिकडं चहा पिऊलालो असतो." आणि टॉवेलच्या चालू मागावर बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा कात्रीनं तोडलात. माग ठप्प.

मग तो काटा दाखवलात. इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यानं धागा टाकला असेल तर फणीबरोबर पुढे येणारा धागा काट्याला रेटतो, त्याची शेपटी वर उचलली जाते आणि माग चालत राहतो. धागाच नसेल तर शेपटी खालीच राहते, आकड्यात अडकते, हँडल पडतं, माग बंद. "बाहेरून कोण ओरडत नाही गं पोरी. थांबवणारा मागातच बसलाय."

मामा, आमच्या पुस्तकात वाहतुकीचं प्रकरण वेगळं आणि सिग्नलचं वेगळं. त्यामुळे मला वाटायचं, सिग्नल म्हणजे लांबून शिट्टी मारणारा कोणीतरी. तुमचं वाक्य डोक्यात घेऊन मी वर गेले आणि जेआयपी-१ नावाच्या प्रथिनाचं पान पुन्हा उघडलं. हे प्रथिन स्वतः कुठलीच रासायनिक क्रिया करत नाही, नुसती बैठक मांडतं. एका हातानं कायनेसिनच्या हलक्या साखळीला, म्हणजे माल पेलणाऱ्या भागाला, धरतं आणि अंगावर तीन एन्झाइम बसवून घेतं. पहिलं दुसऱ्याला चेतवतं, दुसरं तिसऱ्याला. तिसरं म्हणजे जेएनके. कायनेसिनशी असलेलं हे नातं २००१ साली उघड झालं. म्हणजे सिग्नलवाले मोटारीवरच स्वार! आणि तेच तिला आवरतात. जेएनके-३नं (जेएनकेचाच एक प्रकार) कायनेसिनच्या जड साखळीत, म्हणजे चालणाऱ्या भागात, १७६व्या जागेच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चिकटवला की रुळावरची पकड ढिली पडते. हे हंटिंग्टनच्या आजारावर, म्हणजे मेंदूच्या एका आनुवंशिक आजारावर, काम करताना दिसलं. जीएसके-३ हे दुसरं एन्झाइम हलक्या साखळीवर फॉस्फेट लावतं, तेव्हा मोटारीवरचा माल सुटतो. बिनकामाचं कायनेसिन तर शेपूट डोक्याला लावून मुटकुळं करून बसतं, एटीपी फुकट जाळत नाही. त्याला उठवायलाही जेआयपी-१चा हात लागतो.

दुसऱ्या दिवशी हे सांगितलं, तर शाबासकी राहिली बाजूला, तुम्ही खोट काढलीत. "धोटा परत येतो. तुझं ते परत कसं येतंय?" येतच नाही, मामा. कायनेसिन पेशीपासून टोकाकडे जातं, परतीला डायनीन ही वेगळीच मोटर. "म्हणजे एसटीवाणी, ड्रायव्हर बदलतोय." त्या प्रश्नानं मला निम्मा विषय मिळाला. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंतचा चेतातंतू जवळपास एक मीटर लांब. टोकाला जखम झाली, तर खबर पेशीकेंद्रकापर्यंत पोहोचायला हवी. एन्झाइम नुसतं तरंगत निघालं तर शेकडो वर्षं लागतील. जलद वाहतूक दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत जाते, म्हणजे अडीच दिवसांत काम. चेतलेलं जेएनके डायनीनच्या गाडीत बसून मागे जातं आणि त्याला गाडीशी बांधणाऱ्या प्रथिनाचं फळमाशीतलं नाव आहे 'संडे ड्रायव्हर'. ते नसलं की अळीच्या चेतातंतूंत मालाची कोंडी होते, जशी रविवारी रमतगमत गाडी हाकणाऱ्यामुळे रस्त्यात होते, म्हणून हे नाव. यावर तुम्ही इतके हसलात की शेजारच्या मागावरच्या मावशी बघायला आल्या.

जाता जाता, कारखान्याच्या दारात डालड्याच्या डब्यात तुम्ही लावलेली सदाफुली. तिच्यातून व्हिंक्रिस्टिन हे कॅन्सरचं औषध निघतं. ते सूक्ष्मनलिका जुळूच देत नाही, म्हणून पेशींचं विभाजन थांबतं. पण चेतातंतूतले रूळही बिघडतात आणि रुग्णाच्या हातापायांना मुंग्या येतात. हे सांगितल्यावर तुम्ही डबा शेळीच्या तोंडापासून लांब ठेवलात, एवढंच.

दुसरा सेमिनार बरा झाला. पहिल्याच स्लाइडवर तुमचा काटा होता.

तुमचा एक प्रश्न मात्र माझ्याकडे उधार राहिला होता: "एवढ्या लांबच्या वाटेत निरोप पुसला जात नाही का?" रास्त शंका. निरोप म्हणजे एन्झाइमवर चिकटलेला फॉस्फेट, आणि तो खरवडून काढणारी एन्झाइम वाटेत असतातच. ईआरके नावाच्या अशाच एका निरोप्याबाबत उत्तर सापडलं. जखमी तंतूत व्हिमेंटिन या प्रथिनाचे तुकडे तयार होतात, ते ईआरकेला बिलगून त्याच्यावरचा फॉस्फेट झाकून ठेवतात आणि इम्पोर्टिन या आणखी एका प्रथिनाच्या मध्यस्थीनं डायनीनला जोडून देतात. तुम्ही ओल लागू नये म्हणून सुताच्या कांड्यांवर पोतं टाकता, तसं.

उत्तराला तीन आठवडे लागले, राग मानू नका. गुरुवारी रात्री खाली येते. चहा मी सांगीन.

तुमची,
वरच्या खोलीतली पोरगी