अक्का, तुम्ही रोज पाठवता त्या आकड्यासाठी

अक्का,

तुम्हाला तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "गप गं, मी काय केलं" म्हणणार आणि विषय बदलून गॅसवर चहा टाकणार, हे मला पक्कं माहितीय, म्हणून लिहून सगळ्यांच्या समोर म्हणतेय. अक्षर बारीक दिसलं तर भाच्याकडनं वाचून घ्या, डोळे ताणू नका.

माझा पहिला रिपोर्ट आला तेव्हा उपाशीपोटी साखर २१२ आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी (एचबीए१सी) ९.४. घरात कुणाला पटेना. वजन ४८ किलो, दिवसभर उभं राहून डबे करणारी बाई, हिला शुगर कशी होईल? सासूबाई म्हणाल्या लॅबवाल्यानं रक्ताची बाटली बदलली असणार. शेजारच्या म्हणाल्या शुगर जाड माणसाला होते, तू तर नुसती काडी. आणि दवाखान्याच्या लायनीत माझ्या शेजारी तुम्ही बसलेल्या, माझ्यापेक्षाही बारीक, हातात गोळ्यांची पिशवी. त्या पिशवीतनं तुम्ही घडी घातलेलं पेपरचं कात्रण काढलंत. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या बाजूला एक इंग्रज डॉक्टर, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, २२.३, पण इंग्रज डॉक्टरच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२. तुम्ही बोट ठेवून दाखवलंत, "हे बघ, आपली माणसं वरनं बारीक दिसतात पण आत चरबी असते, त्यामुळं वजनकाट्यावर भरवसा नाही ठेवायचा." डॉक्टरांनी पण तेच सांगितलं असेल बहुतेक, पण त्यांच्याकडं मागं चाळीस माणसं थांबलेली असतात आणि मला त्या वेळी काही ऐकू येत नव्हतं. तुमचं ऐकू आलं. घरी जाऊन मी सासूबाईंना तो फोटो मोबाईलवर दाखवला आणि बाटली बदलल्याची गोष्ट तिथंच संपली.

मग तुम्ही नंबर मागून घेतलात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मेसेज. नुसता "१४३. रात्री भात जास्त झाला. झोप बरी." एवढंच. मला कळेना याला उत्तर काय द्यायचं. मग मी पण माझा आकडा टाकला आणि खाली लिहिलं की आज शेपूची भाजी आणि चाळीस डबे. तिथनं जे सुरू झालं ते आजपर्यंत चालूय.

लोकांना हे सांगितलं तर वाटतं की दोन बायका एकमेकींना आकडे पाठवतात, त्यात काय एवढं. पण मला ज्यासाठी थँक्यू म्हणायचंय ते हेच, की तुम्ही तुमचे वाईट आकडे पण पाठवलेत. चांगला आकडा कुणीपण दाखवतं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेनं २०२३ ला सांगितलं की देशात दहा कोटींच्या वर लोकांना शुगर आहे, आमच्या एका गल्लीतच किती जण निघतील, पण विचारलं की सगळे म्हणणार "कंट्रोलमध्ये आहे". तुम्ही वीस वर्षांच्या जुन्या पेशंट, तुम्हाला सगळं माहिती, तरी तुम्ही १८७ पण लिहिलात, २२० पण लिहिलात, आणि खाली जे कारण असेल ते लिहिलंत. हुरड्याला गेले होते, गुळाबरोबर खाल्लं. नातीचा वाढदिवस. गोळी संपली होती, दुकान बंद. कधीकधी तर "कारण कळलं नाही" असंच. ते वाचून माझ्या पोटातली भीती कमी कमी होत गेली, कारण मला तोपर्यंत वाटायचं की आकडा म्हणजे मी कशी बाई आहे त्याचे मार्क आहेत.

तुमचा भाऊ गेला त्या सकाळचा मेसेज मी अजून जपून ठेवलाय. "२८९. रात्री दादा गेला. सगळे बसलो होतो. खाल्लं काहीच नाही." मी दोनदा वाचला. काही न खाता २८९! संध्याकाळी भेटायला आले तेव्हा त्या अवस्थेत तुम्हीच मला समजावलंत की दुःखात, टेन्शनमध्ये, तापात पण शरीर साखर वर काढतं, नुसतं खाण्यानंच वाढते असं नाही, आणि अशा वेळी साखर मोजायचं मशीन जास्त लावायचं, टाळायचं नाही. आपल्या माणसाला पोचवून आलेली बाई दुसरीला हे सांगते, अक्का, हे मी कुठं ठेवू.

आता बाकीचं पण सांगते, कारण ज्यांना नुकताच रिपोर्ट आलाय त्यांना उपयोग होईल.

हात धुवायचं. तुम्ही केशर आंबा चिरला आणि तसंच बोट टोचलं, मशीनवर आलं २४६, तुम्ही घाबरला नाहीत, साबणानं हात धुतलेत, कोरडे केलेत, परत लावलं तर १४१. बोटाला लागलेला रस मशीननं मोजला होता. तुम्ही दोन्ही आकड्यांचा फोटो पाठवलात आणि मी तो माझ्या गॅसच्या ओट्यावर भिंतीला चिकटवलाय, माझे हात तर दिवसभर गूळ, कणीक, मसाल्यात असतात. बोटाच्या मधोमध नाही तर कडेला टोचायचं, तिथं कमी दुखतं, रोज बोट बदलायचं. मशीनमध्ये घालायच्या स्ट्रिपच्या डबीचं झाकण लगेच घट्ट लावायचं आणि डबी स्वैपाकघरात ठेवायचीच नाही, वाफेनं आणि गरमीनं स्ट्रिप खराब होतात, मी ती आता देवघरातल्या कपाटात ठेवते. आणि सगळ्यात मोठं म्हणजे मशीन पंधरा टक्के इकडं तिकडं चालतं, हे मशीन बनवणारे पण मान्य करतात, त्यामुळं काल १३२ आणि आज १४० आला म्हणून जीव टांगायचा नाही, आठवड्याचा अंदाज बघायचा. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर कितीतरी सकाळ सुखात गेल्या असत्या.

पहाटेच्या साखरेचं तर तुमच्यामुळंच कळलं. मी रात्री साडेसातला अर्धी भाकरी आणि मेथी खाऊन झोपायची आणि सकाळी तरी १५५, १६०. रडू यायचं. रात्री जास्त काही खाल्लं नाही तर साखर आली कुठनं? तुम्ही म्हणालात डॉक्टरला विचारायच्या आधी एक काम कर, रात्री तीनला उठून लाव. आणि मी एकटी उठणार म्हणून तुम्ही पण तीनचा गजर लावलात. तुम्हाला काही गरज नव्हती! रात्री तीनला तुमचा मेसेज, "उठलीस का?" माझे १२१, आणि पाचला १५८. तो कागद डॉक्टरांकडं नेला तर त्यांनी बघितल्याबरोबर सांगितलं, पहाटे शरीर उठायच्या तयारीला लागतं, कॉर्टिसॉल आणि बाकीचे हॉर्मोन वाढतात, लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडतं, चांगल्या माणसाचं इन्सुलिन ती सांभाळून घेतं, आपलं कमी पडतं. तीनला साखर खाली गेली असती तर इलाज वेगळा करावा लागला असता, म्हणून तो तीनचा आकडा महत्त्वाचा. रात्रीची गोळी बदलली आणि पुढच्या महिन्यात सकाळ १३० च्या आत यायला लागली.

खाण्याचं आमच्या सोलापुरात एक पक्कं डोक्यात बसलंय की ज्वारीची भाकरी म्हणजे शुगरला चालते, कितीपण खा. तुम्ही ते माझ्या डोक्यातनं काढलंत पण भाकरी काढली नाहीत, याचं मला जास्त कौतुक. कारण बाकी सगळे सांगणारे बंदच करायला सांगतात, भात बंद, फळं बंद, सण बंद. तुम्ही सांगितलंत भाकरीत पण पीठच आहे, दीडच्या वर नको, आणि आधी काकडी, पालेभाजी, मटकीची उसळ खायची, भाकरी मागनं. मी जेवणानंतर दोन तासांनी लावून बघितलं, तीच भाकरी, तीच भाजी, नुसता क्रम बदलला तर फरक दिसला. आषाढीला तुम्ही साबुदाण्याची खिचडी एक वाटी खाऊन दोन तासांनी २४७ पाठवलात आणि लिहिलंत "तुझ्यासाठी करून बघितलं, तू करू नको". पुढच्या एकादशीला थोडी भगर, शेंगदाण्याची आमटी आणि ताक, आणि उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते आधी डॉक्टरला विचारून. वारीच्या जिल्ह्यात राहून एकादशी सोडायची माझी तयारी नव्हती आणि तुम्ही ती सोडायला लावली नाहीत.

आणि तो दुपारचा प्रकार. लग्नाची ऑर्डर होती, जेवायला उशीर झाला, एकदम घाम फुटला, हात थरथरायला लागले, कानात काहीतरी वाजतंय. मुलीनं तुम्हालाच फोन लावला. तुम्ही आधी मशीन लावायला सांगितलंत, ६२. मग म्हणालात चपाती देऊ नको, तिला वेळ लागतो, पाण्यात तीन चमचे साखर विरघळवून दे, खाली बसव, पंधरा मिनिटांनी परत लाव, ७० च्या वर आली की मग जेवू दे, नाही आली तर परत साखर. आणि बेशुद्ध पडली तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना. फोन तुम्ही ठेवलाच नाहीत, पंधरा मिनिटं लाईनवर होतात. ८४ आली तेव्हा तुमच्या सुस्काऱ्याचा आवाज मला स्पीकरवर आला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी माझी साखर कमी करायची गोळी, ग्लिमेपिराईड, निम्मी केली आणि गोळी घेतली की जेवण टाळायचं नाही असं बजावलं. माझी मुलगी सतरा वर्षांची, आता तिला हे सगळं पाठ आहे आणि तिच्या दप्तरात पण साखरेची पुडी असते, का तर वर्गातल्या एका मुलाला टाईप वन, म्हणजे इन्सुलिन घ्यावंच लागतं ती शुगर, आहे.

डोळ्यांचं पण राहिलं. तुम्हाला दिसायला काही त्रास नव्हता, तरी वर्षाची तपासणी केली म्हणून डोळ्याच्या पडद्यावरचा बिघाड सापडला आणि लेझर वेळेत झालं. तुम्ही मला हात धरून नेलंत. माझे ठीक निघाले, पण दर वर्षी जायचंच हे ठरलंय, लघवीतलं प्रोटीन पण त्याच वेळी. आणि पाय रोज रात्री आरशात बघायचे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला मी दर वर्षी नंदीध्वजाच्या मागं अनवाणी चालते, तुम्ही चालू नको म्हणाला नाहीत, घरी आल्यावर पाय धुवून मला तळव्यांचा फोटो पाठव म्हणालात. पाठवला. एक बारीक फोड होती, मला जाणवली पण नव्हती. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला लावलंत, आणि पुढच्या वर्षीपासनं चप्पल घालून चालायचं मी स्वतःच ठरवलंय.

परवा माझी तीन महिन्यांची आली, ६.९. तुम्हीच शिकवलंत की रक्तातली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते म्हणून ती तपासणी मागच्या तीन महिन्यांचं सांगते, एका दिवसाच्या उपासानं ती फसत नाही. म्हणजे त्यात आपल्या तीन महिन्यांच्या सगळ्या सकाळ आहेत, वाईटवाल्या धरून. डॉक्टर म्हणाले छान, असंच चालू दे. मी म्हटलं यात माझी एकटीची मेहनत नाही, त्यांनी विचारलं मिस्टर मदत करतात का, मी म्हटलं करतात पण मी अक्कांबद्दल बोलतेय.

तुमच्या स्ट्रिप संपत आल्यात, परवा तुम्ही बोलता बोलता म्हणाला होतात की पेन्शन यायला वेळ आहे म्हणून आता दिवसाआड लावणार. दिवसाआड नाही. तुमच्याच मशीनच्या दोन डब्या आणून ठेवल्यात, एक्सपायरी बघून घेतलीय, रविवारी धाकटा डब्याबरोबर घेऊन येईल. डब्यात दोडक्याची भाजी, मटकी आणि दीड भाकरी आहे, तुमच्या मापाची. पैशाचं काही बोलायचं नाही. सोमवारी पाचला आकडा पाठवा.

तुमची,
डब्यावाली