नवी अलॉय व्हील आणि पट्टीखाली झाकलेला हवेचा दिवा

महोदय,

गणपती जवळ आले की वर्तमानपत्रांत आणि महामार्गाच्या कडेच्या फलकांवर अलॉय व्हीलच्या ऑफर झळकू लागतात. जुनी रिम द्या, नवी न्या, बॅलन्सिंग मोफत. या जाहिरातींत टायरमधली हवा मोजणाऱ्या सेन्सरचा उल्लेख मला कधी दिसलेला नाही, आणि नेमकी तीच अडचण घेऊन लोक नंतर आमच्या दारात येतात. म्हणून हे पत्र लिहीत आहे. कणकवलीच्या अलीकडे महामार्गाला लागून आमचं टायरचं दुकान आहे. सासऱ्यांनी पंक्चर काढण्यापासून सुरुवात केली. आता मशीन मिस्टर आणि दीर सांभाळतात. स्कॅनर, बिलं आणि गिऱ्हाइकांशी बोलणं माझ्याकडे असतं.

"वयनी, हवा चारी चाकांत बरोबर आसा, मगे ह्यो दिवो कित्याक पेटता?" हा प्रश्न आता रोजचा झाला आहे. दिवा म्हणजे डॅशबोर्डवरचा पिवळा, टायरच्या आडव्या कापासारखा आकार आणि मध्ये उद्गारचिन्ह. विचारलं की कळतं, नवी व्हील नुकतीच बसवलेली असतात. काही गाड्यांत तर त्या दिव्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवलेली सापडते. व्हील विकणाऱ्यानेच "काही नाही, सवय होईल" म्हणून लावून दिलेली. ही टेप पाहिली की मला मनापासून राग येतो.

घडतं ते असं. कित्येक गाड्यांत प्रत्येक चाकाच्या आत, वॉल्व्हच्या बुडाला एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. तो टायरमधली हवा आणि तापमान मोजतो आणि रेडिओ लहरींवर गाडीला कळवतो. प्रत्येक सेन्सरचा स्वतःचा क्रमांक असतो आणि गाडीचा संगणक फक्त ओळखीच्या क्रमांकांचं ऐकतो. नवी व्हील बसवताना दुकानदार त्यात साधा रबरी वॉल्व्ह खुपसतो आणि जुनी रिम सेन्सरसकट एक्स्चेंजमध्ये किंवा घराच्या माळ्यावर जाते. मग गाडीला कोणत्याच चाकाची खबर लागत नाही आणि ती दिवा लावते. टायरमध्ये हवा कमी नसते, पण ती कमी झाली तरी आता सांगणारं कोणी उरलेलं नसतं.

दिवा कसा पेटतो हे पाहिलं तर अर्धं निदान तिथेच होतं. चावी फिरवल्यावर तो मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर राहत असेल, तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ यंत्रणेत बिघाड किंवा सेन्सर सापडत नाही असा असतो. न लुकलुकता सरळ पेटून राहिला, तर हवा खरोखर कमी आहे. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हा फरक कोणी समजावलेला असतो.

दुसरा एक प्रकार आहे, त्यात चाकात सेन्सर नसतोच. एबीएससाठी, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेसाठी, प्रत्येक चाकाचा वेग मोजला जातो, त्यावरूनच गाडी अंदाज बांधते. हवा उतरली की चाकाचा फिरता घेर थोडा कमी होतो, ते चाक इतरांपेक्षा जास्त फिरतं आणि दिवा लागतो. अशा गाडीत नवी व्हील घातल्यावर हवा कंपनीने सांगितल्याप्रमाणे भरून यंत्रणा रीसेट करायची, एवढंच काम. पण चारही टायर एकदम सारखे उतरले, तर ही पद्धत फसू शकते. डॅशबोर्डवर चारही चाकांचे वेगवेगळे आकडे दिसत असतील तर आपल्या चाकांत सेन्सर आहेत असं समजायला हरकत नाही.

आता आमच्या किनाऱ्याबद्दल, कारण माझी खरी काळजी तिथे आहे. मालवण, देवगड, आचरा या बाजूच्या गाड्यांचे वॉल्व्ह उघडायचे म्हणजे परीक्षा असते. सेन्सरच्या वॉल्व्हचा दांडा बहुधा ॲल्युमिनियमचा. त्यावर कोणीतरी हौसेने चकचकीत पितळी टोपी बसवलेली असते. खारा वारा, पावसाचं पाणी आणि हे दोन वेगळे धातू एकत्र आले की आट्यांमध्ये रांगोळीसारखी पांढरी भुकटी धरते आणि टोपी जाम बसते. पकडीने पिळली की टोपी सुटण्याऐवजी दांडाच तुटतो, सगळी हवा फुस्सकन जाते आणि सेन्सरही गेला. म्हणून सेन्सरच्या वॉल्व्हला प्लॅस्टिकची टोपी आणि आत हवा अडवणारी पिन निकेलचा मुलामा दिलेलीच हवी. साध्या वॉल्व्हची पितळी पिन तिथे चालत नाही. दुकानात दोन्ही पिना एकाच डब्यात पडलेल्या असतात आणि घाईत कोणतीही उचलली जाते. हे मी आमच्या पोरांना सारखं बजावत असते.

खारेपणा टायरच्या आत, दिसत नाही तिथेही काम करतो. रिमच्या ज्या कडेवर टायरचा बीड, म्हणजे त्याची आतली कडक कड, दाबून बसतो, तिथला लॅकर उचकटतो, खाली धातू पांढरा पडून खवले धरतो आणि त्या फटीतून हवा हळूहळू निसटते. पंक्चर कुठेच सापडत नाही, पाण्यात बुडवलं तर कडेने बारीक बुडबुडे येतात. लोक दर आठवड्याला हवा भरत राहतात. मासळीच्या गाड्यांचं खारं पाणी सांडलेल्या रस्त्यांवर आणि पुळणीलगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे फार दिसतं. म्हणजे हवा गुपचूप उतरण्याची शक्यता जिथे जास्त, तिथेच आपण सांगणारा दिवा झाकून ठेवतो.

आमच्या सिंधुदुर्गात महामार्ग काँक्रीटचा चौपदरी झाल्यापासून वेग वाढले आहेत. पूर्वी खड्ड्यांमुळे गाडी धावायचीच नाही. आता उतरलेल्या टायरवर माणूस सुसाट निघतो. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत सतत वाकते, तापते आणि आतून झिजते. मध्यंतरी मुंबईहून आलेल्या एका कुटुंबाची गाडी आमच्याकडे आली, मागे दोन लहान मुलं होती. तक्रार एवढीच की गाडी डावीकडे ओढते. मागचा टायर उतरवला तर आतून मूठभर काळी रबराची भुकटी निघाली आणि बाजूच्या भिंतीच्या आतल्या दोऱ्या दिसत होत्या. बाहेरून टायर जवळजवळ नवा. नव्या व्हीलमध्ये सेन्सर नव्हते, दिव्यावर टेप होती. त्या आईचा चेहरा मी विसरू शकत नाही.

हवेवर नजर ठेवणारी ही यंत्रणा लाड म्हणून आलेली नाही. अमेरिकेत फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांवरचे फायरस्टोन टायर फाटून माणसं दगावली, त्यानंतर २००० साली तिथे कायदा झाला आणि २००७च्या सप्टेंबरपासून प्रत्येक नव्या हलक्या गाडीत ती सक्तीची झाली. ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्के हवा उतरली की दिवा लागलाच पाहिजे, असा तिथला नियम आहे. म्हणजे ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवी असेल तर साधारण २५ला. आपल्याकडे २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत बदल होऊन, ट्यूबलेस टायर, पंक्चरचं किट आणि ही यंत्रणा असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनी नसली तरी चालेल असं ठरलं. म्हणजे काही गाड्यांत हवेवर नजर ठेवणारी यंत्रणा आहे म्हणून स्टेपनी काढली, आणि आपण व्हील बदलताना ती यंत्रणाही काढली. फोंडाघाटात रात्री अशी गाडी अडकली तर काय करायचं?

माझं व्हील घेणाऱ्यांना सांगणं आहे की टायर चढवण्याआधी तिथे उभे राहा. जुने सेन्सर काढून नव्या व्हीलमध्ये घालता येतात, मात्र त्यांचं रबरी वायसर, नट, पिन आणि टोपी नवी लागते. सेन्सर रिमच्या खोलगट भागात नीट टेकला पाहिजे. काही सुंदर दिसणाऱ्या व्हीलमध्ये वॉल्व्हचं भोक इतकं आत किंवा तिरकं असतं की सेन्सर अधांतरी राहतो किंवा नट पूर्ण बसत नाही. तेव्हा दुसरं डिझाइन निवडावं. सेन्सरची बॅटरी बदलता येत नाही, साधारण पाच ते दहा वर्षं टिकते. गाडी सहा-सात वर्षांची झाली असेल तर टायर रिमवरून काढलेलाच आहे तेव्हा नवे सेन्सर घातलेले बरे. नंतर पुन्हा चारही टायर खोलायचे, पुन्हा बॅलन्सिंग, हा खर्च दुप्पट होतो. ऑनलाइन मागवताना लहरींचा आकडा बघा. आपल्याकडच्या गाड्यांना साधारणपणे ४३३ मेगाहर्ट्झ लागतो, अमेरिकेसाठीचे ३१५चे सेन्सर गाडीला ऐकूच येत नाहीत. नवे क्रमांक गाडीला शिकवावे लागतात. काही गाड्या थोडं अंतर धावल्यावर आपोआप शिकतात, काहींना स्कॅनर लावावा लागतो. सेन्सर असलेल्या टायरमध्ये सेन्सरला न चालणारं पंक्चर लिक्विड ओतू देऊ नका, सेन्सरचं बारीक भोक बुजू शकतं.

वॉल्व्हवर बाहेरून टोपीसारखे फिरवून बसवायचे सेन्सर मिळतात. काहीच नसण्यापेक्षा ते बरे. पण रबरी वॉल्व्हवर त्यांचं वजन पडतं, आणि किनाऱ्यावर त्यांच्याही आट्या जाम होतात.

व्हील विकणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना हात जोडून विनंती आहे. एस्टिमेटवर एक ओळ लिहा: सेन्सर जुने बसवले, नवे बसवले, की गाडीला नाहीतच. आम्ही आमच्या बिलावर ती लिहितो. त्यामुळे एखादं गिऱ्हाईक जातं, कारण सेन्सरसकट आकडा मोठा दिसतो. जाऊ दे. एक्स्चेंजमध्ये घेतलेल्या जुन्या रिममधले सेन्सर मालकाला परत द्या, ते त्याचे आहेत.

आणि गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांना एवढंच सांगते, की दिवा लुकलुकत असेल तर मुंबईतच दाखवून घ्या. त्या आठवड्यात आमच्यासारख्या छोट्या दुकानांत प्रत्येक गाडीचे सेन्सर शिल्लक नसतात आणि मागवले तरी सणाच्या गर्दीत पार्सल वेळेवर पोहोचत नाही. निघण्याच्या दिवशी सकाळी, टायर थंड असताना, चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. वाटेत तापलेल्या टायरचा आकडा तीन-चार पीएसआयने वर गेलेला दिसेल, तो बघून हवा सोडू नका.

आपली,
एक टायर दुकानदार, कणकवली (जि. सिंधुदुर्ग)