तारामतीचे हात

नाशिक,
रविवार रात्र

प्रिय अवि,

परवा फोनवर तू विचारलंस, "पोराला सांगू तरी काय?" आणि मला धड काही सुचलं नाही. स्नेहसंमेलनात जिजाऊंचं काम मिळालं, वर्गातल्या मुलांनी चिडवलं आणि आता तुझा धाकटा नाव काढून घ्यायचं म्हणतोय. फोन ठेवल्यावर बराच वेळ झोप लागली नाही. म्हणून हे पत्र.

त्याला अण्णा साळुंक्यांची गोष्ट सांग.

१९१२ साली दादासाहेब फाळके दादरला 'राजा हरिश्चंद्र'ची जुळवाजुळव करत होते. विलायतेहून कॅमेरा आला होता, पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले होते. हरिश्चंद्र करायला दत्तात्रय दामोदर दाबके मिळाले, रोहिदास म्हणून फाळक्यांनी स्वतःच्या मुलाला, भालचंद्रला उभं केलं. घोडं अडलं तारामतीपाशी. वर्तमानपत्रात जाहिरात देऊन झाली. शेवटी फाळके नाचगाण्यावर पोट असणाऱ्या बायकांच्या वस्तीत गेले, तर त्यांनीही नकार दिला. ज्यांना कोणी उंबऱ्यात उभं करत नव्हतं, त्यांनासुद्धा सिनेमात दिसणं कमीपणाचं वाटत होतं. सिनेमातल्या लोकांना बाहेर सांगायला शिकवलं होतं, 'हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहे' म्हणून.

ग्रँट रोडच्या एका खानावळीत फाळक्यांना हा मुलगा, अण्णा साळुंके, दिसला. अंगाने बारीक, बोटं नाजूक. तिथे त्याला महिना दहा रुपये मिळत. फाळक्यांनी पंधरा देऊ केले आणि तो आला.

पाच रुपये जास्त, एवढंच. मला हे फार आवडतं, अवि. कलेची तळमळ, रंगभूमीचा वारसा असलं काही त्यामागे जोडायची मला गरज वाटत नाही. पोटासाठी काम धरलं आणि ते नीट केलं. नाटकातल्या स्त्रीपार्टी नटांची गोष्ट वेगळी होती. बालगंधर्वांनी आपली मंडळी काढली ती याच १९१३ मध्ये, आणि त्यांच्या नेसण्याची, आंबाड्याची नक्कल घरंदाज बायका करत. साळुंक्यांच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. मुका सिनेमा, त्यामुळे गाणं नाही, 'वन्स मोअर' नाही, समोर बसलेला प्रेक्षकसुद्धा नाही. उन्हात उभं राहायचं आणि कोणी कॅमेऱ्याचा दांडा फिरवत असताना पतिव्रता व्हायचं.

मिशीचा घोळ तुझ्या पोराला जरूर सांग, त्याला हसू येईल. तारामतीच्या सख्याही पुरुषच होते आणि मिशी काढायला कोणी तयार होईना. तेव्हाची रीत अशी की बाप गेला तरच मिशी उतरवायची. बाप घरी धडधाकट असताना ती काढणं म्हणजे अभद्रच. फाळक्यांना एकेकाची समजूत घालावी लागली. त्या मानाने आजची चिडवाचिडवी काहीच नाही, असं मात्र त्याला सांगू नकोस. आठवीतल्या मुलाला ती काही कमी नसते.

उरलेल्या चित्रफितीत तारामती सख्यांबरोबर हौदात खेळतेय असा प्रसंग आहे. (आज जे शिल्लक आहे ते फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटातलं असावं, असं काही अभ्यासक मानतात. तिथेही तारामती साळुंकेच.) मी तो तुकडा पुन्हा पुन्हा पाहिलाय. ओली लुगडी सावरणारे ते सगळे बापे. त्या वेळच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे, लाल ते काळं उमटे, म्हणजे कपाळावरचं ठसठशीत कुंकूही पडद्यावर काळंच. असल्या अडचणींतून तारामती उभी करायची होती. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ती लोकांनी पाहिली.

त्याच वर्षी फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये खऱ्या बायका आल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी. हीच पुढे कमलाबाई गोखले, विक्रम गोखल्यांची आजी. या मायलेकींवर खरं तर वेगळं पत्र लिहायला हवं. मला वाटायचं, त्या आल्यावर साळुंक्यांचं काम संपलं असेल. तसं झालं नाही. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम तेच आणि सीताही तेच! राम पडद्यावर आला की लोक पायातल्या चपला काढत, असं सांगतात. आणि त्याच माणसाला सीतेच्या रूपात अशोकवनात बसलेलं पाहून त्याच लोकांचे डोळे भरून येत. सीतेचे दंड जरा पिळदार दिसतात, हे कोणाच्या मनातही आलं नसेल.

आणि पुढे? पुढे ते कॅमेऱ्यामागे गेले. १९१८ मध्ये इथे नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली होती. तिथे वीसच्या दशकात साळुंके छायाचित्रण करत होते. हाताने दांडा फिरवायचा, सेकंदाला साधारण दोन फेरे, आणि गती जराही ढळू द्यायची नाही. गती चुकली की पडद्यावर माणसं धावत सुटतात नाहीतर रेंगाळतात. खानावळीत ताटं उचलणारे, तारामतीच्या पदराशी चाळा करणारे तेच हात. दरवर्षी फाळक्यांच्या पुतळ्याला हार पडतो, पडायलाच हवा. साळुंक्यांसाठी 'पुरुषाने केलेली पहिली नायिका' ही एकच ओळ सगळे लिहितात, कॅमेरामन साळुंके कोणाला आठवत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुला आठवतं ना, गल्लीतल्या गणपतीत मी मावशीची नऊवारी नेसून उभा राहिलो होतो? नाटक संपल्यावर पटांगणात कोणी माझ्याशी बोलेना, मागून नुसत्या शिट्ट्या. तू शेंगदाण्यांची पुडी घेऊन शेजारी येऊन बसलास. बोलला काहीच नाहीस. त्यानंतर मी नाटकात काम केलं नाही आणि ते मला अजून लागतं. तुझ्या पोराचं तसं होऊ नये म्हणून एवढं लांबलचक लिहिलं.

संमेलनाची तारीख कळव. मी आदल्या दिवशी सकाळच्या गाडीने येतो. ती नऊवारी अजून आईच्या ट्रंकेत आहे, काठ थोडे विरलेत, पण रंग शाबूत आहे. नेसायची कशी ते मला चांगलं आठवतं. मीच शिकवेन त्याला.

तुझा,
बाळ्या