सुयांवरचं विणकामही तंत्रच आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपल्याकडच्या विणकरांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. बेळगावातल्या शहापूर, वडगाव, खासबागच्या गल्ल्यांतला मागांचा खडखडाट, साडीमागे हातात पडणारी मजुरी, पावसाळ्यात ओल धरणारं सूत, सगळं नीट आलं आहे. पण शेवटाकडे एक वाक्य आहे: सुयांवरचं विणकाम हा बायकांचा फावल्या वेळचा विरंगुळा, त्यात तंत्र असं काही नाही. ते वाक्य मनाला लागलं, म्हणून लिहिते आहे.

माझं माहेर खानापूर तालुक्यातलं. तिकडचा पाऊस आणि त्यामागून येणारी थंडी ज्यांनी काढली आहे त्यांना स्वेटरची किंमत सांगायला नको. आई दोन सुया आणि लोकरीचा गुंडा घेऊन चुलीपाशी बसायची, मी आठव्या वर्षी तिच्याकडून टाके घालायला शिकले. लग्न होऊन वडगावात आले ते मागवाल्यांच्या घरात. पुढे बावीस वर्षं मी हातमशीनवर शाळांचे स्वेटर विणले. त्यामुळे दोन्ही कामं मी घरातच पाहिली आहेत.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. मी मामंजींसाठी बिनबाह्यांचा स्वेटर विणला होता. त्यांनी तो अंगात घालायच्या आधी सूत मोजायचं भिंग काढलं, कापड उजेडात धरलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ह्येच्यात ताणा कुठं हाय? नुसत्या बाण्यावर कापड उभं कसं ऱ्हातंय?" ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे, बाणा म्हणजे आडवा धागा. मी टाके बंद न केलेला एक नमुन्याचा तुकडा आणला, त्याचं वरचं टोक ओढलं. एकेक ओळ उसवत गेली आणि शेवटी त्यांच्या हातात एकच लांब, नागमोडी धागा राहिला. पन्नास वर्षं मागावर काढलेल्या त्या माणसानं तो धागा बोटाला गुंडाळला आणि म्हणाले, "ह्यो धंदाच येगळा."

खरोखरच वेगळा. मागावर आधी शेकडो उभे धागे ताणून बसवावे लागतात, मग धोटा बाणा घेऊन आरपार जातो आणि फणी त्याला ठोकते. दोन्ही धागे जवळजवळ सरळच राहतात, एकमेकांना अडवून धरतात. सुयांवर ताणा नाही, बाणाही नाही. एकाच धाग्याचा फास दुसऱ्या फासातून ओढून काढायचा, प्रत्येक टाक्याला त्याच्या वरच्या ओळीतला टाका धरून ठेवतो. फास वाकलेला असतो, म्हणून कापड ताणलं की तो सरळ होतो आणि सोडलं की पुन्हा वाकतो. अंगातला बनियन ताणून बघा. तोही विणलेलाच असतो, फक्त मशीनवर आणि बारीक सुतात. वरून त्याच्यावर इंग्रजी व्हीच्या उभ्या रांगा दिसतील, आतून आडव्या कमानी. सुलट आणि उलट टाका म्हणजे हेच, एकाच फासाच्या दोन बाजू.

आणखी एक गोष्ट मागाला जमत नाही. सुयांवर कापड आणि त्याचा आकार एकाच वेळी तयार होतो. टाके वाढवले की रुंद, कमी केले की अरुंद. मोज्याची टाच वळते ती अशीच, कात्री न लावता. विणलेले मोजे येण्याआधी युरोपात पायाला कापड कापून शिवलेले मोजे घालत.

आजवर सापडलेले खात्रीचे जुने विणलेले नमुने इजिप्तमधले आहेत, सुती, निळ्या-पांढऱ्या नक्षीचे मोजे, साधारण 11 व्या ते 14 व्या शतकातले. तिथलेच त्याहून कित्येक शतकं जुने, अंगठा वेगळा असलेले मोजेही आहेत. ते विणल्यासारखे दिसतात, पण ते एका नेढ्याच्या सुईने, धाग्याचे छोटे तुकडे जोडत केलेले. तो प्रकार निराळा. पुढे युरोपात या कामाचे पुरुष कारागिरांचे संघ झाले, मुलगे वर्षानुवर्षं उमेदवारी करत. म्हणजे ते पोटापाण्याचं काम होतं, फावल्या वेळचं नव्हे.

लेखकांनी ज्याची दखल घ्यायला हवी होती ती गोष्ट पुढची आहे. 1589 साली इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम ली यानं मोजे विणायचं यंत्र केलं. प्रत्येक टाक्याला एक स्वतंत्र सुई, त्यामुळे सबंध ओळ एकदम पडायची. हातानं विणणाऱ्या गरिबांची रोजी जाईल म्हणून एलिझाबेथ राणीनं त्याला परवाना नाकारला असं सांगतात. तो फ्रान्सला गेला आणि तिकडेच वारला. आता सन बघा. जॉन केचा धावता धोटा 1733 सालचा, कार्टराइटचा यंत्रमाग 1785 चा. धावत्या धोट्याच्या 144 वर्षं आधी सुयांचं यंत्र चालत होतं. मी हे मामंजींना सांगितलं तेव्हा त्यांनी सन पुन्हा विचारले आणि कांड्या भरायच्या खोलीत जाऊन भिंतीवर खडूनं लिहून ठेवले.

माझ्या मशीनवर 200 सुया आहेत. प्रत्येकीच्या टोकाला आकडा आणि आकड्यामागे एक इवलीशी झडप. सुई पुढे येते तेव्हा जुना फास झडपेमागे सरकतो, आकड्यात नवा धागा पडतो. सुई मागे जाते तेव्हा तोच जुना फास झडप मिटवतो आणि तिच्यावरून घसरून खाली पडतो, नवा फास आत राहतो. ही सुई 1847 साली लेस्टरच्या मॅथ्यू टाउनसेंडनं काढली. सुटलेला टाका आई क्रोशाच्या सुईनं उचलायची, तेच काम ही झडपेची सुई आपोआप करते. इतका साधा विचार, पण तिरुपूरचे बनियन आजही बहुतेक असल्याच सुयांवर विणले जातात.

गेल्या वर्षी माझ्या नातवाच्या शाळेचा तयार स्वेटर महिनाभरात बगलेत उसवला. मी उलटून पाहिलं. बाही विणून आकारात आणलेली नव्हती, सलग विणलेलं कापड कात्रीनं कापून ओव्हरलॉक मारलं होतं. शिलाई सुटली आणि कापलेले टाके खाली धावत गेले. 1811 साली नॉटिंगहॅमचे कारागीर यंत्रं फोडायला उठले त्यामागचं एक कारण अगदी हेच होतं: रुंद कापड विणायचं, कापायचं, शिवायचं आणि आकारात विणलेले मोजे म्हणून विकायचं. असला माल आपल्या धंद्याचं नाव घालवतो, ही त्यांची तक्रार. सरकारनं पुढच्याच वर्षी यंत्र फोडणाऱ्याला फाशीचा कायदा केला. त्या माणसांचा राग मला त्या बगलेत बोट घातल्यावर कळला. मी ती बाही काढून टाकली आणि दुसऱ्या लोकरीची बाही आकारात विणून दिली.

विणकरांच्या लेखमालेचा पुढचा भाग येणार असेल तर सुयांवरच्या कामालाही त्यात जागा द्यावी, ही विनंती. आमच्या गल्लीत अजून काही घरांत मशीन झाकून ठेवलेली आहे, ती चालवणाऱ्या बायकांना हे काम कसं चाले, एका स्वेटरला किती वेळ लागे, मजुरी किती मिळे, हे कुणी विचारलेलं नाही. माझ्या मशीनवर सध्या एक बाही अर्धी चढवलेली आहे. लेखकांनी कुठल्याही दुपारी यावं, मी मशीनचं कॅरेज, म्हणजे सुयांवरून सरकवायचा भाग, त्यांच्या हातात देईन. पत्ता पाकिटावर आहे.

आपली,
एक वाचक, वडगाव, बेळगाव