डोंगरावर बीपी वाढलं, की मशिन चुकलं?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात बीपीवर बरंच छापून येतं पण एक गोष्ट कधी वाचण्यात आली नाही म्हणून हे पत्र. गेल्या वर्षी आम्ही साताऱ्यातून पस्तीस जण चारधामला गेलो, बहुतेक सगळे साठीच्या पुढचे, आणि चार-पाच जणांच्या पिशवीत घरचं बीपीचं मशिन. गुप्तकाशीपर्यंत सगळं ठीक. केदारनाथला पोचलो त्या संध्याकाळी एकेकाने पट्टा लावला तर माझ्या मिसेसचं १६८/९८, घरी तिचं १३० च्या वर जात नाही. झालं, निम्मे लोक म्हणायला लागले की डोंगरावर हवा विरळ, मशिन चुकणारच, लक्ष देऊ नका. आणि आमच्यातल्या एका काकांनी १८० च्या जवळचा आकडा बघितला, घाबरले, आणि कुणाला न विचारता रात्री एक गोळी जास्त घेतली. सकाळी उठून उभे राहिले तर डोळ्यांपुढे अंधारी येऊन तिथंच खाली बसले. बरं की तिथं डॉक्टर भेटले. टूरवाल्याला विचारलं तर त्याने हातच वर केले.

परत आल्यावर आमच्या फॅमिली डॉक्टरांकडून समजून घेतलं. मशिन पट्ट्यातली हवा बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त आहे तेवढंच मोजतं, सुरुवातीला स्वतःच शून्य धरतं. त्यामुळे नुसती बाहेरची हवा विरळ झाली म्हणून आकडा फुगत नाही. फुगतं ते खरंच बीपी. उंचावर ऑक्सिजन कमी मिळतो, शरीर हृदयाला जोरात पळवतं, रक्तवाहिन्या आवळतात, त्यात थंडी. केदारनाथ ३५८३ मीटरवर आहे, तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण दोन तृतीयांश असतो. एव्हरेस्ट बेस कॅम्पला ५४०० मीटरवर लोकांना चोवीस तास पट्टा बांधून बघितलंय, तिथं तर रात्री झोपेतसुद्धा बीपी उतरायला पाहिजे तसं उतरत नव्हतं.

पण मशिनलाही मर्यादा आहे, आणि ती आपण वाचतच नाही. मी घरी येऊन माझ्या मशिनची पुस्तिका काढली, बारीक अक्षरात लिहिलंय की हवेचा दाब ८०० ते १०६० हेक्टोपास्कल आणि तापमान १० ते ४० डिग्री असेल तिथंच वापरा. ८०० म्हणजे जेमतेम १९५० मीटर उंची, म्हणजे केदारनाथची चढण जिथून सुरू होते त्या गौरीकुंडलाच मर्यादा संपली! आणि केदारनाथच्या त्या खोलीत १० डिग्री कुठलं, हात चोळत बसलेलो आम्ही. त्या मर्यादेबाहेर कंपनी आकड्याची खात्री देत नाही एवढाच त्याचा अर्थ, आकडा खोटाच असतो असं नाही. काही जण म्हणतात महाबळेश्वरला गेलं की मशिन चुकतं, त्यात काही तथ्य नाही, महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास आहे, कास त्याहून कमी, दोन्ही त्या मर्यादेत बसतात.

आणि खरं सांगू का, आमची मोजायची पद्धतच चुकीची होती. सोळा-सतरा किलोमीटर चढून आलेलो, कुणी स्वेटरवरूनच पट्टा बांधलेला, कुणाच्या हातात चहाचा कप, पाय कॉटवरून लोंबकळत, तोंडाने गप्पा चालू. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, उघड्या दंडावर पट्टा आणि हात छातीच्या पातळीला, मिनिटभराने परत एकदा, एवढं घरीसुद्धा कितीजण करतात? हात दहा सेंटिमीटर खाली राहिला तरी सात-आठचा फरक पडतो. मनगटाला बांधायच्या मशिनचं तर हात जरा इकडेतिकडे झाला की गणित चुकतं.

अक्षय तृतीयेच्या आसपास परत यात्रा सुरू होते, आपल्या जिल्ह्यातून गाड्या भरभरून लोक जातात, लेहला पोस्टिंग असलेल्या पोरांना भेटायला जाणारे आईवडीलही आहेत. तर माझी विनंती आहे की त्याआधी एखाद्या हार्टच्या डॉक्टरांकडून यावर अर्धं पान लिहून घ्या. निघायच्या आठवडाभर आधी आपलं मशिन दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या मशिनशी ताडून बघायचं, आणि वर आकडा वाढला तर काय करायचं, कोणती गोळी, किती, कितीच्या पुढे गेलं तर लगेच खाली उतरायचं, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यायचं, एवढं तरी त्यात यावं. छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, बोलताना जीभ अडखळणं असं काही असेल तर मशिन बघत बसू नका हे मोठ्या अक्षरात छापा. मेडिकलवाल्यांनीही मशिन विकताना पुस्तिकेतलं ते उंचीचं पान उघडून दाखवावं, दोन मिनिटांचं काम आहे.

ते काका आता बरे आहेत, पण त्या सकाळचा त्यांचा पांढराफटक चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आपला,
एक वाचक, शाहूपुरी, सातारा