‘ना’ एवढं एक अक्षर

चि. माऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री तू पेपर टेबलावर टाकलास आणि खोलीचं दार लावून घेतलंस. मी ‘घाई करतेस’ एवढंच म्हणाले होते, पण दोन तास मान मोडून बसलेल्या मुलीला ते ऐकवायची ती वेळ नव्हती. चुकलं माझं. तू झोपल्यावर मी तुझा सराव पेपर घेऊन बसले. त्यात जे दिसलं ते समोरासमोर बोलायला गेलं की आपलं पुन्हा वाजेल, म्हणून लिहिते आहे.

१२० पैकी ११२ प्रश्न सोडवलेस. ६६ बरोबर, ४६ चूक. क्लॅटमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेत, चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, म्हणजे साडेअकरा गुण तिथेच गेले आणि हाती राहिले साडेचोपन्न. त्या ४६ चुका मी एकेक करून पाहिल्या. गणितात फारसं काही गेलं नाहीये. चालू घडामोडींत गेलंय, पण ते रोजच्या वाचनानं भरून निघेल. तुला सगळ्यात जास्त खात्री असते तो लीगल रीझनिंगचा, दिलेला नियम प्रसंगाला लावायचा भाग, आणि सतरा चुका नेमक्या तिथेच आहेत.

तो भिंतीवरून उडी मारणाऱ्या मुलाचा प्रश्न आठव. उताऱ्यात तत्त्व स्पष्ट दिलं होतं: दुसऱ्याच्या जागेत परवानगीशिवाय शिरणं म्हणजे अतिक्रमण, हेतू चांगला असो वा वाईट. मुलगा शेजारच्या अंगणात शिरला तो जखमी कबुतर उचलायला. तू आधी ‘अतिक्रमण होते’ या पर्यायावर खूण केलीस, मग ती खोडून ‘हेतू चांगला असल्याने होत नाही’ धरलंस. समासात बारीक अक्षरात लिहिलंयस, ‘कलम ४४१ – हेतू लागतो’. तू वाचलेलं खोटं नाही. फौजदारी अतिक्रमणाला हेतू लागतो, आणि जुन्या दंड संहितेतलं ते ४४१ आता न्याय संहितेत ३२९ मध्ये आलंय. पण तुला ते विचारलंच नव्हतं. पानावर एक नियम दिला होता आणि तो त्या मुलाला लावायचा होता. तू त्या कबुतराची कणव केलीस, वरून बाहेरचं कलम आणलंस, आणि दिलेला नियम बाजूला राहिला. सतरापैकी अकरा चुका अशाच आहेत.

हे मला इतकं टोचलं त्याला कारण आहे. तुला कधी सांगितलं नाही. कोर्टात लघुलेखक म्हणून लागून मला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. एका म्हाताऱ्या बाईंचा जमिनीचा दावा होता. प्रत्येक तारखेला त्या पिशवी छातीशी धरून बाकावर बसलेल्या असायच्या. युक्तिवाद ऐकताना मी मनाशी धरून चालले होते की समोरच्याला रोखणारा मनाई हुकूम यांना मिळणार. साहेबांनी हुकूम सांगितला, मी लघुलिपीत बरोबर घेतला, आणि टाइप करताना लिहिलं, ‘तूर्तातूर्त मनाईचा अर्ज मंजूर करण्यात येत आहे.’ सांगितलं होतं नामंजूर. साहेबांनी सहीला पेन टेकवलं आणि थांबले. कागद माझ्याकडे सरकवला, त्या शब्दाखाली बोट ठेवलं, बोलले काहीच नाहीत. घरी येऊन मी माझी वही पाहिली. त्यात ‘ना’ स्वच्छ होता. हातानं मनातलं टाइप केलं होतं. त्या दिवसापासून आजतागायत मी टाइप केलेला प्रत्येक हुकूम वहीशी शब्दाला शब्द ताडून पाहते.

तू म्हणशील, मग कायद्याला कणव नकोच का? हवी, आणि तुझ्यात आहे म्हणूनच तू या वाटेला जावंस असं मला वाटतं. १९१६ साली रेजिना गुहा यांनी वकिलीच्या सनदेसाठी अर्ज केला, तेव्हा कलकत्ता उच्च न्यायालयानं १८७९च्या कायद्यातल्या ‘व्यक्ती’ या शब्दात स्त्रिया येत नाहीत असा अर्थ लावून तो फेटाळला. त्या एका शब्दानं बायकांची वाट अडवली. ती मोकळी व्हायला १९२३चा स्वतंत्र कायदा यावा लागला. नियम चुकीचा आहे म्हणून भांडायचं तर तो नेमकं काय म्हणतो हे आधी समोरच्यापेक्षा नीट वाचलेलं असावं लागतं. भांडायला पुढे पाच वर्षं आणि सगळा जन्म आहे. त्या दोन तासांत फक्त वाच.

आता कामाचं. प्रश्न वाचताना तत्त्वातल्या ‘किंवा’, ‘आणि’, ‘परवानगीशिवाय’, ‘जोपर्यंत’ अशा शब्दांखाली पेन्सिल ओढ. उत्तर बदलावंसं वाटलं तर बदलायचं कारण उताऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. नाही आलं तर पहिलं उत्तर राहू दे. आणि एरवीचा सराव लॅपटॉपवर करणं बंद कर. खरी परीक्षा कागदावर आहे, गोल बॉलपेननं काळे करायचे आहेत आणि एकदा केलेला गोल खोडता येत नाही. त्यात किती मिनिटं जातात हे तुला अजून माहीतच नाही.

इंग्रजीची धास्ती मला दिसते, तू बोलली नाहीस तरी. क्लॅट इंग्रजीतच आहे, त्याला इलाज नाही. पण साडेचारशे शब्दांचा उतारा तुला अडत नाही. अडतो तो एखादा शब्द, आणि तू तिथेच घुटमळतेस. पुढे जा, पुढच्या ओळीत बहुतेक वेळा त्याचा अर्थ उलगडतो. राज्याच्या सीईटीचा, म्हणजे इथल्या विधी महाविद्यालयांच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्मही भरायचा आहेच. तिथे मराठीचा पर्याय आहे आणि चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे तिथे एकही प्रश्न कोरा सोडू नकोस. क्लॅट नाही लागलं तर आपण हरलो असं या घरात कुणी म्हणणार नाही. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासून आहे, बाबासाहेब तिथे प्राचार्य होते, आणि तिथला प्रवेश सीईटीवरच होतो.

मागच्या दोन वर्षांचे पेपर मी उद्या ऑफिसातून येताना छापून आणते, उत्तरपत्रिकेसकट. रविवारी दुपारी दोन ते चार, परीक्षेचीच वेळ, बाहेरच्या टेबलावर बसू. तुझा फोन माझ्याकडे, घड्याळ तुझ्यासमोर. मी माझी वही घेऊन समोर बसेन, मलाही आठवड्याचे हुकूम ताडून पाहायचे आहेत.

कालचा पेपर तुझ्या टेबलावर ठेवलाय. त्या अकरा प्रश्नांसमोर बारीक टिंब केलंय, उत्तरं लिहिलेली नाहीत.

तुझी,
आई